गुळाच्या अडतीतला डॅनिश क्रॉस

उत्तर ध्रुवाकडच्या राजांनी आजवर कुणाच्या छातीवर काय काय लावलं, याची खडान्‌खडा माहिती असलेला आणि स्वतः मात्र उत्तरेला मुंबईच्या पलीकडे कधीही न गेलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मामांची कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत होती. दिवसभर ढेपा फोडून गुळाचा रंग बघायचा, सौद्यात आवाज चढवायचा, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं (घराणं जैन, त्यात मामी कडक), आणि मग बनियनवर बसून पदकांची पेटी उघडायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या चार मुलखांत मुक्कामाला जायचं, असा त्यांचा दिनक्रम. ऐन वैशाखात, घामानं निथळत, ते फिनलंडच्या बर्फातल्या लढाया अशा सांगायचे की ऐकणाऱ्यानं पंखा बंद करावा. लग्नानंतर नवा नवा जावई असताना मी शहाणपणानं विचारलं होतं की, इंग्रजांची पदकं का नाही जमवत, ती तर इथंच ढिगानं मिळतील. मामा म्हणाले, "इंग्रजांनी काय, भंडाऱ्यागत उधळली की. हे उत्तरंचं लोक हात आखडून देत्यात. त्यांचं बघावं."

पदक ओळखायचं ते पट्ट्याच्या रंगावरून, हा त्यांचा पहिला धडा. त्यामुळे जगातलं कुठलंही कापड त्यांना साधं कापड म्हणून दिसतच नसे. पिवळ्या अंगाचं, निळ्या काठाचं लुगडं नेसून कुणी बाई देवळात आली की मामा दर्शन सोडून माझ्या कानाशी लागत, "स्वीडनची तलवार आली बघा." (तलवार हे तिथल्या एका लष्करी पदकाचं नाव.) हिरवा पट्टा म्हणजे स्वीडनचंच दुसरं पदक. ते शेती-व्यापारात नाव काढणाऱ्याला द्यायचे, म्हणून त्याच्यावर गूळवाल्यांचा हक्क आहे असं मामांचं ठाम मत. फिनलंडच्या एका क्रॉसवर स्वस्तिक होतं. ते मामींच्या नजरेला पडलं आणि दुसऱ्या दिवशी तो क्रॉस गंध-अक्षता लावून देवघरात बसलेला सापडला. पुढे कित्येक महिने मामांना त्याचा अभ्यास अंघोळ केल्याशिवाय करता आला नाही.

या छंदात माझाही हातभार होता, म्हणजे तो जिथं जिथं लागला तिथं नुकसान झालं. एकदा जुन्या बाजारात मला एक जुनाट चांदीचं पदक दिसलं. मागं काहीतरी झिजलेलं, पुढं शिंगवाला प्राणी. नॉर्वेचं रेनडिअर, दुसरं काय असणार? मी ते ऐटीत मामांपुढं ठेवलं. मामांनी भिंगातून पुष्कळ वेळ बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "जावईबापू, ही म्हैस हाय. जनावरांच्या प्रदर्शनात पहिली आलेली." मी ते परत खिशात घालायला लागलो तर त्यांनी हात धरला. पदक पेटीत ठेवलं, वेगळ्या कप्प्यात. "तिनं मिळवलंय. मान हाय तिचा."

मिळवलं त्याचा मान, हे एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मला ते कळलं ते मेहुण्याच्या लग्नात. ब्लेझर नवा होता, छाती मोकळी मोकळी वाटत होती, म्हणून मी पेटीतली स्वीडनची तलवार गुपचूप लावून मांडवात हिंडत होतो. ऐन मंगलाष्टकांत मामा माझ्यामागं येऊन उभे राहिले. एका हातानं नवरानवरीवर अक्षता टाकता टाकता दुसऱ्या हातानं त्यांनी ते पदक काढून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या लढाईत होता?" त्या पंगतीत मी जिलबी मागून घेतली नाही.

पण या पेटीचा खरा धनी होता डॅनिश क्रॉस. पांढरा मिना, तांबडी किनार, खालचा दांडा बाकीच्यांपेक्षा लांब. गुळाच्या वसुलीला मुंबईला गेलेले असताना तिथल्या जुन्या बाजारात पितळी बटणांच्या डब्यात तो त्यांना मिळाला होता, आणि सगळा छंद तिथून सुरू झाला. हा आहे कुठल्या मुलखाचा, हे शोधण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. चर्चमधल्या पाद्रींना विचारलं, ते म्हणाले धार्मिक वाटतो. निवृत्त सुभेदारांना विचारलं, ते म्हणाले आमच्यातला न्हवं. शेवटी रद्दीत आलेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात त्याचं चित्र सापडलं, मुकुटाखालच्या, राजाच्या नावाच्या आद्याक्षरासकट. त्या दिवशी मामांनी अडतीवर पेढे वाटले. हमालांनी कारण विचारलं तर म्हणाले, "डॅनिश निघाला." हमालांनी पेढे खाल्ले आणि बरेच दिवस एकमेकांना विचारत राहिले, मुलगा की मुलगी.

एका संध्याकाळी ते मला डेन्मार्कचा सगळ्यात मोठा मान सांगत होते. तो म्हणजे चक्क सोन्याचा इवलासा हत्ती, पाठीवर बुरूज आणि मानेवर माहूत असलेला. मी म्हणालो, मग आणा की एक हत्ती. मामा म्हणाले, मिळत नाही, कारण तिथली रीतच अशी आहे की मानकरी वारला की घरच्यांनी हत्ती राजाकडं परत पाठवायचा. मग थोडं थांबून, भिंग पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "हा क्रॉस बी."

"मग हा इथं कसा?"

"ऱ्हायला असंल कुणाचा तरी," मामा म्हणाले आणि पेटी मिटली. एरवी दोन तास चालणारी बैठक त्या दिवशी तिथंच संपली. एवढी जड गोष्ट त्यांनी माझ्यापाशी ठेवली. शहाणा माणूस ती जपून ठेवतो. मी विसरलो.

मी तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीत होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट, आमचं कास्टिंग परदेशी जायला लागलं होतं. माल बघायला डेन्मार्कहून साठीचे एक इंजिनिअर आले आणि रविवारी त्यांना पन्हाळा दाखवायची कामगिरी, माझं इंग्रजी बरं आहे या अफवेमुळे, माझ्यावर आली. गडावरची माझी माहिती तीन दरवाजापर्यंत संपली. परत येताना जीपमध्ये शांतता पसरली, आणि शांतता मला सोसत नाही. मी म्हणालो, तुमच्या राजानं दिलेला क्रॉस आमच्या घरात आहे. पाहुणे ताठ बसले. बघता येईल का, म्हणाले. मी जीप तशीच मामांच्या दारात नेली आणि "डेन्मार्कचे पाहुणे आणलेत" असं रस्त्यावरूनच ओरडलो. मामा दारात आले. त्यांचा चेहरा बघितला आणि तेव्हा, फक्त तेव्हा, मला ती रीत आठवली.

आम्ही बूट काढून आत जाईपर्यंत पेटी गादीवर उघडी होती. डॅनिश क्रॉसच्या जागी नुसता खळगा. पाहुण्यांनी एकेक पदक बघितलं. मामा सांगत होते, मी इंग्रजी करत होतो, आणि पाहुणे माना डोलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, डेन्मार्कचं काही नाही का? मी मामांना तोंड उघडू न देता ठोकून दिलं की, नाही, डेन्मार्कचं आमच्याकडं काही येत नाही. जीपमध्ये मीच सांगितलं होतं, हे वाक्य पूर्ण झाल्यावर ध्यानात आलं.

"काय म्हणत्यात पावणं?" मामांनी विचारलं.

"चहा चांगला झालाय म्हणतायत."

"चहा अजून आला न्हाय की." मामांनी एकदा पाहुण्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग बंडीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला क्रॉस काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

पाहुणे उठून उभे राहिले. हातात घ्यायच्या आधी त्यांनी हात पँटला पुसले. मग ते हळूहळू सांगत गेले आणि मी, या वेळी काही न गाळता, मराठी करत गेलो. त्यांच्या आजोबांना असाच क्रॉस मिळाला होता. ते गेल्यावर वडिलांनी तो परत पाठवला. आजीनं मग आजोबांचा कोट कधी धुवायला दिला नाही, कारण त्याच्यावर क्रॉसच्या टाचणीची दोन भोकं होती.

मामांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. "जावईबापू, इचारा त्यास्नी. संगं न्हेतील का हा?"

मी मराठीत म्हणालो, "मामा, नाव नाही त्याच्यावर. कुणी मागायला येणार नाही."

"नाव न्हाय म्हणूनच. कुणाचा तरी हाय, एवढं कळतंय की. माझा न्हाय, हे तर पहिल्यापास्नं कळतंय."

मी विचारलं. पाहुणे नुसतं "हो" म्हणाले. तेवढ्यात मामी आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पाहुण्यांच्या हातातून क्रॉस काढून घेतला, चोळीच्या खणात ठेवला, वर चिमूटभर तांदूळ, सुपारी आणि गुळाचा खडा घातला आणि गाठ मारली. "माह्यारला निघालंय. रिकामं कसं धाडायचं?" याचं इंग्रजी मला आलं नाही. पण पाहुण्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि गाडीत मांडीवर ठेवलं, बॅगेत घातलं नाही.

मामांनी मला त्याबद्दल एका शब्दानंही बोल लावला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या दारात पाहुणा मीच आणला होता, आणि तोही जीपमधली शांतता सोसेना म्हणून आणला होता. पुढं अडत पोरांनी सांभाळली, मामा घरीच बसायला लागले आणि मी रविवारी जाऊन बसायचो. ते पेटी उघडायचे आणि मऊ मलमलीनं एकेक पदक टिपून घ्यायचे. तो खळगा त्यांनी कधी भरला नाही. तिथली मखमल क्रॉसच्या आकारात दबून राहिली होती. तिथं आलं की त्यांचा हात थांबत नसे. तितक्याच हलक्या हातानं ते त्या रिकाम्या मखमलीवरूनही मलमल फिरवायचे आणि पुढच्या पदकाकडं जायचे. अशा वेळी बोलायला माझ्यापाशी पुष्कळ असायचं. मी गप्प बसून रस्त्याकडं बघत राहायचो.