लाकडी उतार

वणव्याचे दिवस जवळ आले की सुतारकाकांच्या अंगात वारं शिरायचं. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांपैकी ते नव्हते. ऊन तापायच्या दीड महिना आधीच शिडी लावून ते छपरावरचा आणि पन्हळीतला पालापाचोळा काढत, घराभोवती दहा पावलांत वाळकी काडी ठेवत नसत, अंगणातल्या नळाला लांब पाइप जोडून पाणी कुठवर पोचतं ते बघत. दाराजवळच्या खुंटीवर पिशवी तयार असे. तिच्यात काकूंची औषधं, घराची कागदपत्रं, टॉर्च. कुंपणापलीकडे लगेच जंगल होतं. शेजाऱ्यांच्या अंगणात गवत वाळलेलं दिसलं की काका सांगायला हजर, आणि लांबून ते येताना दिसले की शेजारी मुकाट्याने विळा शोधायला लागत.

ही सगळी धडपड काकूंसाठी होती. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांतली ताकद गेली आणि त्या व्हीलचेअरवर आल्या. घर चढावर, पुढच्या दाराला अकरा पायऱ्या, मागच्या दाराला चार. त्या चारांवर काकांनी महिनाभर खपून लाकडी उतार बांधला. एकही खिळा नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. दरवर्षी त्याला तेल पाजायचे. लोक मुद्दाम बघायला येत, आणि एरवी कामापुरतंच बोलणारे काका त्या दिवशी दोन माणसांचं बोलत.

यंदा अग्निशमन केंद्रातून एक तपासनीस बाई घरं बघत आली. छप्पर, पन्हळ, अंगण, सगळं पाहून तिने मान डोलावली. मग मागे येऊन ती वाकली, उताराखाली हात घातला आणि मूठभर वाळका पाला बाहेर काढला.

"काका, ठिणगी इथे पडली तर आधी हाच पेटेल. वर तेल पाजलंय. आणि काकूंची बाहेर पडायची वाट हीच ना?"

काकांनी वाकून स्वतः उताराखाली पाहिलं. गावभर दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं कुसळ दाखवत फिरले, आणि मुसळ निघालं स्वतःच्या. ही चूक सुतारानेच करावी. लाकडावर त्यांचा एवढा विश्वास की तेही जळतं हे विसरले. त्याच दुपारी त्यांनी उतार सोडायला घेतला. सांधे इतके पक्के की सुटेनात. शेवटी करवत चालवावी लागली. स्वतःच्या हातचं काम कापताना त्यांचे डोळे भरून आले, आणि भुसा गेला म्हणून ते पुसत राहिले.

आता सिमेंटचा उतार हवा, म्हणजे गवंड्याकडे जाणं आलं. सुतार केसाने मोजतो आणि गवंडी वितीने, असं म्हणत वीस वर्षं काकांनी त्याची थट्टा केली होती. गवंड्याने ऐकून घेतलं, हसला नाही, चौथ्या दिवशी येतो म्हणाला.

मधले तीन दिवस वाट नव्हती. म्हणून काका रोज सकाळी तालीम करत. आधी खुर्ची खाली ठेवायची, मग काकूंना उचलून चार पायऱ्या उतरायच्या. काकांचं वय अडुसष्ट. पहिल्या दिवशी जमलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच पायरीवर दम लागला आणि ते काकूंना मांडीवर घेऊन तिथेच बसले.

"लग्नात उचललं असतंत तर तेव्हा हलकी होते," काकू म्हणाल्या. दोघं हसले. मग त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "खरंच आग आली तर तुम्ही एकटे निघा. माझं ठरलंय. खुर्ची घरात आली त्याच दिवशी ठरवलं."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"उताराखालचा पाला मला स्वयंपाकघरातून दिसायचा. बोलले नाही. तुमचा जीव त्या लाकडात, आणि मला कुठे बाहेर पडायचं होतं?"

काकांना राग आला, असा की लग्नानंतर एवढा कधी आला नव्हता. तीन वर्षं ते त्या पिशवीत हिच्या गोळ्या भरत होते आणि ही मनातून मागेच राहिली होती. भीतीही वाटली. पण रागवायला अंगात दम शिल्लक नव्हता. त्यांनी काकूंना उचललं, राहिलेल्या पायऱ्या उतरवल्या आणि खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने जमिनीत खुंट्या ठोकून दोरी लावली, खुर्ची मोजली. "तीन फूट रुंदी पुरे. खुर्ची आरामात जाईल."

"पाच कर," काका म्हणाले.

"पाच? ट्रक न्यायचाय का?"

खिडकीत काकू बसल्या होत्या. काकांनी तिकडे बघून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दोघांना शेजारी शेजारी उतरायचंय. ती पुढे नाही आणि मी पुढे नाही."

गवंड्याने खुंटी उपटली आणि दोन फूट पलीकडे ठोकली.