हौसाकाकीचं कुंकू

दुपारचे दोन. इटलीतल्या युद्धस्मारकाच्या बाकावर अनुसयाचे डोळे जड होतायत. लेक पाण्याची बाटली आणायला गेलीय. समोर नीट कातरून राखलेली हिरवळ, तिच्यापलीकडे पांढऱ्या दगडाची भिंत, भिंतीवर नावंच नावं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली ही बाई, ती हौसाकाकीच्या एका वाक्यापायी. "त्यांचं नाव तिथं असलं तर सांग. कुंकू पुसते."

काकी पंचाण्णवची. पंधराव्या वर्षी तार आली : नवरा इटलीच्या लढाईत बेपत्ता. एवढंच. सरकारनं पोरीला ना सवाष्ण ठेवली ना विधवा. गावच्या बायका संक्रांतीला तिला वाण द्यायच्या, पण उंबऱ्याबाहेर उभी करून. ऐंशी वर्षं!

नाव आहे. अनुसयानं मघाशी बघितलंय, आणि ठरवूनही टाकलंय. नाही सापडलं म्हणायचं.

हिरवळीवर कुणीतरी बसलंय. खाकी अर्धी चड्डी, जेमतेम फुटलेलं मिसरूड.

"कुणाची गं तू?"

"तुमच्या धाकट्या भावाची. केरबा तात्या ना तुम्ही?"

"सद्याची पोर? आणि एवढी म्हातारी?" तो खदाखदा हसतो.

"तुम्ही विसाव्या वर्षी मेलात. आम्हाला जगावं लागलं."

बाकाची पाठ आता बोटीचा कठडा आहे. खाली काळं पाणी. अनुसयाला भीती वाटत नाही; विचारायचं मात्र ढीगभर आहे.

"कसे मेलात?"

"नदी वलांडत होतो. पलीकडनं एकानं गोळी घातली. त्यालाबी मिशा नव्हत्या."

"राग येतो त्याचा?"

"त्याचा कशाला? आम्हाला एकमेकांवर सोडणारे घरी जेवत होते. आता दरसाल हितं येत्यात. फुलं ठेवत्यात, दोन मिनिटं गप उभे राहत्यात, शांती-शांती करत्यात. अन् परत जाऊन नव्या तोफा घेत्यात."

तात्या पाट्याशी उकिडवा बसलाय. माहेरचं परसदार. वाटलेल्या मिरचीचा ठसका नाकात जातो.

"ती दिसती कशी गं?" तो हळूच विचारतो. "अकरा दिवस होतो घरी. चारचौघांत तिचा पदर तोंडावरच. तोंड धड बघितलंच न्हाई."

"हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेत. शिव्या झकास देते."

"कुणाला?"

"सगळ्यांना. सकाळची पहिली तुम्हाला."

"बेस!" त्याचा चेहरा उजळतो.

"तात्या, मी नाही सांगणार तिला. या वयात कपाळ उघडं करून बसेल."

तो ताडकन उठतो. "तारेनं खोटं सांगितलं, आता तू सांग! मेलो म्हणावं. अन् कुंकू लाव न्हाईतर नको लावूस, कपाळ तुझं. माझ्या नावानं पुसायचं न्हाई."

"गाव काय म्हणेल?"

"गावाला चार दिस झोपव की हितं माझ्या जागी."

"आई, ऊन लागेल! ऊठ ना." लेक खांदा हलवतेय.

तोच बाक. भिंत तिथून तीस पावलांवर. अनुसयाच्या उजव्या तळहातावर मात्र अक्षरं उमटलीत, दगडावर हात दाबून धरावा तशी, उलटी. लेक वाकून एकेक अक्षर जुळवते. "केरबा... मोहिते? हे कसं गं?"

"नंतर. आधी काकीला व्हिडिओ कॉल लाव. वळ जायच्या आत."

पडद्यावर काकीचं सुरकुतलेलं तोंड येतं. अनुसया तळहात पुढं धरते.

"आहे नाव, काकी. हे बघ. आणि त्यांच्या नावानं कुंकू पुसलंस तर खबरदार. मी नाही, त्यांनी सांगितलंय."