जयसिंगपूरहून आलेली दुरुस्ती

एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लोक ज्या दुरुस्त्या पाठवतात, त्या मी कोल्हापुरात घरी बसून तपासतो. जगभरातून येतात. एक चक्क जयसिंगपूरहून आली, याचंच मला आधी अप्रूप वाटलं.

पाठवणारी बाई आईच्या आजारपणामुळं पुण्यातली नोकरी सोडून माहेरी आलेली. तिची दुरुस्ती मेमरीबद्दलची. मेमरी कमी पडली की संगणक तिच्यातली थोडी माहिती डिस्कवर हलवतो. पासवर्डासारखी गोष्ट तिकडं जाऊ नये म्हणून ‘एवढा भाग इथंच ठेव’ असं प्रोग्रॅमला सांगता येतं. अर्थात एका मर्यादेपर्यंत. पण आधीच धरून ठेवलेला भाग पुन्हा मागितला, तर तो दुसऱ्यांदा मोजला जायचा आणि मर्यादा संपली म्हणून नकार मिळायचा. ही चूक तिनं धरली होती.

दुरुस्ती चालते हे दाखवणारी चाचणी मी मागितली. तिनं ती पाठवलीच, वर चाचणी लिहिताना स्वतःच्या दुरुस्तीत सापडलेली उणीवही भरून काढली. मी संमती दिली.

सिस्टीमच्या त्या भागाबद्दल अंतिम शब्द परदेशातल्या एका गृहस्थांचा. त्यांनी लिहिलं, हा सगळा कोड आम्ही नव्यानं लिहितोय, दुरुस्ती नको. मी सगळ्यांसमोर वाद घातला. उत्तर बदललं नाही.

राहवेना म्हणून तिला भेटायला गेलो. तिची आई आत झोपली होती. तिनं चहा ठेवला.

“भांडलासा की माझ्यासाठी. वाचलं मी,” ती म्हणाली.

“नवा कोड येऊ दे. त्यातही काम निघेल. पाठवा.”

“बघू. आईच्या मागंच दिवस जातोय. हे एक झालं असतं तर जरा हुरूप आला असता.”

मी चहा संपवला आणि निघालो.

नवा कोड आला, त्यातही तीच चूक निघाली. दुसऱ्या कुणी ती या बाईच्याच रीतीनं सुधारली, आणि ती दुरुस्ती लगेच घेतली गेली. चूक आधी हिनं शोधली होती, एवढी तरी नोंद व्हावी म्हणून मी तिला फोन केला. आई गेल्याचं तेव्हा कळलं. ती एका शाळेत शिकवायला लागली होती.

“तुमचं नाव घालू का?”

“घाला की. पण आता त्याचं काय वाटत न्हाय बघा मला.” मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. “तास हाय माझा. ठेवू?”

नाव मी घातलं. त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही, आणि इतकं नेमकं लिहिणारं आमच्या जिल्ह्यातलं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.