पोरांनी दिलेलं चांगलं मत

त्या दिवशी प्राचार्य माझ्याच वर्गात जाऊन पोरांना माझ्याबद्दल विचारत होते आणि मी शेजारच्या स्टाफरूममध्ये हातात थंड झालेला चहा धरून बसले होते. मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. इकडे कुणी शिंकलं तरी तिकडे ऐकू जायचं. ऐकायचं नाही असं ठरवून काही उपयोग नव्हता.

मी तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे दरवर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक, आणि उन्हाळाभर बोलावण्याची वाट. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ब्रिटिश साहित्य शिकवते. पुढच्या वर्षी तो पेपर माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, हे पोरांचं मत ऐकून ठरवू, असं प्राचार्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. पेपर गेला तर तास गेले, तास गेले तर मी घरी. नवरा म्हणाला, "पोरं तुझ्यावर जीव टाकतात, घाबरतेस कशाला?" मला त्याचीच तर भीती वाटत होती. जीव टाकणारी माणसं कौतुकाच्या भरात काय बोलून बसतील, याचा नेम नसतो.

पोरं आसपासच्या खेड्यांतली, बोरीची, झरीची, काही पार येलदरीकडची. अभ्यासाला असलेल्या कादंबरीत इंग्लंडमधल्या कुठल्याशा बैठकीच्या खोलीत चार बायका चहा पीत एखाद्या तरुणाच्या इस्टेटीबद्दल हळू आवाजात बोलतात, यात गंमत काय, हे त्यांना सुरुवातीला कळेचना. मग मी वर्गाचे दोन भाग केले, अर्धे पोरीकडचे, अर्धे पोराकडचे, आणि कादंबरीतल्या लग्नाची बोलणी तिथेच करायला लावली. मग काय विचारता! "जिमीन भिजती का कोरडवाहू?" इथपासून "मामाकडली मानसं कशी हायत?" इथपर्यंत सगळं निघालं. त्यानंतर पुस्तक उघडलं, तेव्हा त्यातला तिरकसपणा मी न दाखवता त्यांना दिसला. दोघीतिघी तर वाचता वाचता हसल्या. त्या तासाचा मला अजून अभिमान वाटतो.

पार्टिशनपलीकडून प्राचार्यांचा आवाज आला, "मॅडम कशा शिकवतात? मोकळेपणानं सांगा."

"लय चांगल्या, सर," पुढच्या बाकावरची बोरीची पोरगी म्हणाली. "समदं मराठीत सांगत्यात."

मी डोळे मिटले.

"पुस्तक वाचायचं कामच पडत न्हाई," मागून एक पोरगा म्हणाला. बिचारा माझी स्तुतीच करत होता. "अन् वर्गात सोयरीक जमवत्यात, सर! लय मज्जा येती."

उठून आत जावं, सोयरीक म्हणजे काय ते समजावून सांगावं, असं वाटलं. पण मी इकडून सगळं ऐकत होते, हे कसं कबूल करणार? समोर नाटकाचा पेपर शिकवणारे आमचे कायम नोकरीतले सर वर्तमानपत्र वाचत बसले होते. प्राचार्यांनी त्यांच्याबद्दलही विचारलं.

"सर लय विद्वान हायत," तीच पोरगी अगदी आदरानं म्हणाली. "त्यायचं आमाला कायबी कळत न्हाई."

सरांनी समाधानानं पान उलटलं.

दुपारी मला बोलावणं आलं. "पोरं खूश आहेत तुमच्यावर," प्राचार्य म्हणाले. "पण मॅडम, साहित्य इंग्रजी आहे ना? तपासणी समिती येणार आहे. त्यांच्यापुढे हेच बोलले तर माझी काय शोभा होईल? पेपर तुमच्याकडेच ठेवतो. पण उद्यापासून वर्गात मराठीचा एक शब्द नको. मी व्हरांड्यातून येता-जाता ऐकत राहीन."

"हो सर," मी म्हणाले. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी सबंध तास इंग्रजीत शिकवलं. चुकू नये म्हणून घरून पाठ करून आले होते. कुणी हसलं नाही, कुणी मध्येच अडवलं नाही. सगळे ताठ बसून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला दर वाक्याला दाराकडे बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

तास संपत आला तशी बोरीची ती पोरगी टेबलापाशी आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"मॅडम, आमचं काय चुकलं का?" ती म्हणाली. "आमी तर तुमच्याबद्दल समदं चांगलंच सांगितलं. मंग तुमी आज रागावल्यावानी काहून बोलायलाव?"

तिचा हात धरावा आणि सांगावं, बाई, तुझं काही चुकलं नाही, इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं, असं वाटलं. पण दारात प्राचार्य उभे होते.

"नो," मी म्हणाले. "सिट डाउन, प्लीज."