वेलीएवढंच कापड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. पण आता आत ठेवणं — नाही हो जमत.

चिंचवडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी बरीच वर्षं भरतकामाचा क्लास घ्यायचे. दापोडीहून रुखसाना यायची. नवरा गॅरेजात मेकॅनिक. आली ती शिकायला, पण तिचा हात असा, की तिसऱ्या महिन्यात बाया माझं सोडून तिचा टाका बघायला वाकू लागल्या. मी हसायचे. कौतुकही करायचे. आणि आतून — काय सांगू? जळायचे.

तिची आई नुकतीच वारली होती. आईनं पेन्सिलीनं कागदावर काढलेली एक वेल तिच्याकडे होती. ती भरून, फ्रेम करून तिला घरात लावायची होती. तिनं मला विचारलं, "ताई, कापड केवढं घेऊ?"

एवढाच प्रश्न. नक्षीच्या चारी बाजूंना निदान चार बोटं कापड जास्त लागतं — कापड ताणून धरणारी रिंग बसायला, नंतर फ्रेमवर दुमडायला. क्लासमध्ये कापड मीच कापून द्यायचे, त्यामुळे तिला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी म्हणाले, "वेलीएवढंच घे. उगाच वाया कशाला घालवायचं?"

चुकून निघालं का तोंडातून? नाही. चार महिने ती भरत होती. कडेची पानं रिंगमध्ये धरता येईनात, तर नुसत्या हातावर भरली तिनं. दर आठवड्याला मी बघत होते. एकदा तरी बोलायचं ना? नाही बोलले.

मग एक दिवस ती कापड घेऊन धावत आली. "ताई, फ्रेमवाला म्हणतो, कड दुमडली की पानं आत जाणार. अम्मीची पानं आहेत हो ती. काहीतरी करा ना!"

करता आलं असतं. कडेला साध्या कापडाच्या पट्ट्या जोडायच्या, की झालं. अर्ध्या तासाचं काम. माझ्या मागच्या कपाटात पट्ट्या पडल्या होत्या.

"आता काही होत नाही," मी म्हणाले. "माप आधी नीट घ्यायचं असतं गं."

मला वाटलं, आता म्हणेल — तुम्हीच तर सांगितलं होतं! ती म्हणाली, "मीच नीट ऐकलं नसेल, ताई."

आणि मी — मी मान डोलावली.

ती परत क्लासला आली नाही. मी निरोपही पाठवला नाही.

गेल्या महिन्यात चाकणला बसस्टॉपवर भेटली. तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला जाते. सोबत मुलगी होती. तिला म्हणाली, "सलाम कर, ह्या माझ्या टीचर." मी विचारलं, "भरतकाम करतेस ना अजून?"

ती लाजल्यासारखी हसली. "नाही ताई. मला मापाचं कळत नाही ना."

माझी बस आली. मी चढले.