बोगनवेलीचे लाड

नशिराबादजवळ हायवेला आमची नर्सरी आहे. रोपं विकली जातात, जागा रिकामी होते. किस्से मात्र साठतच जातात, कारण गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं आणि घरात काय काय केलं ते सगळं सांगून बसतं. त्यातले निम्मे बोगनवेलीचे. खरं तर हिच्याइतकं सोपं झाड नाही. कडक ऊन द्या, पाणी मोजकं द्या आणि गप्प बसा. पण आमच्या लोकांना गप्प बसणं जमेल तर शपथ!

*

धुळ्याच्या एका शिक्षिकाबाईंनी कुंडी नेली. महिन्याभरात फोन, पानं गळतायत म्हणून. मी विचारलं, "उन्हात ठेवली ना?"

"मे महिन्यात? अहो, कूलरसमोर ठेवलीय! आम्हालाच हे ऊन सोसत नाही, तिला कसं सोसेल?"

वर ओला पंचा गुंडाळला होता, तो वेगळाच!

*

जळगावच्या एका वकिलांनी चोरांच्या भीतीनं कंपाउंडभर बोगनवेल लावली. तिचे काटे म्हणजे काही विचारू नका. दोन वर्षांनी भेटले. म्हटलं, "काय, चोर बंद?"

"चोर बंद, पोस्टमन बंद, आता साडूही येत नाही," वकील म्हणाले. "अजून दोन रोपं द्या!"

*

छाटणीला आमचे सुकाभाऊ जातात. शिरपूरकडचे, हात सढळ. एका साहेबांच्या वेलीचा त्यांनी असा खराटा केला की साहेबांना घाम फुटला.

सुकाभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही कटिंग कराले जातस, तवय रडतस का?"

साहेबांनी टोपी काढून टक्कल पुसलं. सुकाभाऊंनी पुढची फांदी धरली.

*

आता रावेरचे नाना. केळीवाले. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे अक्कांनी, हौसेनं राणी रंगाची बोगनवेल गेटवर लावली. दोन वर्षांत वेल गच्चीवर पोहोचली, फूल मात्र एक नाही. आम्ही जाऊन पाहिलं, तर बुडाशी ड्रिपची नळी आणि वर केळीचं खत!

सुकाभाऊ म्हणाले, "नाना, पानी बंद करा. लाड करीसन माजेल शे ती!"

नाना भडकले. "दारातल्या झाडाले तहानलेलं ठेवू? माह्या केळी पाह्यल्या का?"

त्यातच अक्कांचं पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं. त्या घाबरल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "एकदा तरी फुललेली पाहायची होती." नानांनी त्याच दिवशी वेलीला दुसरी नळी लावली! मला हसू आलं नाही, वाईट वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. जळगावला दवाखान्यात नाना महिनाभर अक्कांच्या उशाशी. मी भेटायला गेलो, तर दर अर्ध्या तासाला कधी शहाळं, कधी मोसंबीचा रस, कधी मुगाचं पाणी. अक्का दमून म्हणायच्या, "पुरे हो!" नाना पुढचा पेला भरायचे. तिकडे रावेरला घराला कुलूप, वेलीची ड्रिप बंद.

अक्का घरी आल्या त्या दिवशी सुकाभाऊ आणि मी गेटवर उभे होतो. गाडी थांबली. वेलीवर पान दिसत नव्हतं, अख्खं गेट राणी रंगाचं! नाना बघतच राहिले. हातात अक्कांसाठी भरलेला रसाचा पेला तसाच.

अक्कांनी वेलीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि तो नानांच्याच तोंडाला लावला.

"घ्या, तुम्हीच प्या. मलेबी फुलू द्या!"