करंगळीएवढी धार

परकी फौज शहरात घुसली तेव्हा निम्मी पाणी-कचेरी पळाली. चावीवाला राहिला. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या खड्ड्यांतले व्हॉल्व्ह फिरवायचे अन् आळीआळीला पाणी सोडायचं, एवढंच त्याला येत होतं. उशीर झाला की बायका खिडकीतून उद्धार करायच्या, "देव एक वेळ पावेल, पण हे काका पावायचे नाहीत!" वरच्या आळीत मात्र त्याचा हात सैल. तिथं त्याची लेक दिलेली, कडेवर तान्हं.

त्याच आळीत कुणीतरी एका शिपायाला गोळी घातली अन् तिथंच दडून बसला.

कप्तानानं चावीवाल्याला बोलावलं. हा कप्तान इथली भाषा घरच्यासारखी बोलायचा, अन् आवाज कधी चढवायचा नाही. "माणूस हाती लागेपर्यंत वरच्या आळीचं पाणी बंद."

"साहेब, लेकुरवाळ्या बाया आहेत तिथं."

"म्हणूनच. त्या लवकर बोलतील."

शिपायांसमोर चावीवाल्यानं दातओठ खात चावी फिरवली, पण शेवटचा अर्धा आटा राखला. तेवढ्यावर आळीच्या तोंडाशी, सगळ्यात खालच्या नळाला करंगळीएवढी धार राहिली. बातमी कुजबुजत वर गेली. लेक भांडं घेऊन आली, बापाकडे बघून गालात हसली.

"बाबा, तुमचीच करणी ना?"

"तोंड मिटून भर आणि पळ."

त्या दिवशी त्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

समोरच्या बंद दुकानात शिपाई बसवले होते, हे त्याला कुठलं ठाऊक! एकट्या राहणाऱ्या शिवणवाल्या मावशी दोन-दोन भांडी नेताना शिपायांनी हेरल्या. त्यांच्या पोटमाळ्यावर तो माणूस सापडला. दोघांनाही नळापाशी आणून उभं केलं, अन् आळीदेखत गोळ्या घातल्या.

कप्तानानं चावीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "धार राहिलीय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, राहू दे. तहानलेला माणूस आपल्या पायानं येतो. शाबास!"

बाकीचं तो हलक्या आवाजात बोलला होता; 'शाबास' मात्र सगळ्या आळीनं ऐकलं. चावीवाला लेकीच्या दाराशी गेला. तिनं कडी काढली नाही.

"किती दिवसांपासून ठरलं होतं तुमचं त्यांच्याशी?" ती आतून म्हणाली.

"पोरी, तुझ्यासाठीच गं..."

"माझं नाव घेऊ नका. मावशींनी माझं बाळंतपण केलं होतं."

आठवड्यानं खालच्या आळीत कुणी दडल्याचा कप्तानाला वास आला. खड्ड्यापाशी उभा राहून तो म्हणाला, "या खेपेला तूच ठरव. धार ठेव, नाहीतर बंद कर. माझं काम दोन्हीकडून होतं."

चावीवाल्यानं चावी घातली. फिरवत राहिला. अर्धा आटा उरला तिथं हात अडला. मग तोही फिरवला. नळ खोकला, गपगार झाला.

रिकामी बादली घेऊन एक बाई अंगावर धावून आली. "वरच्या आळीला तरी धार ठेवली होतीस, मेल्या! आम्ही काय तुझं घोडं मारलं?"

आटा पक्का बसला का बघायला त्यानं चावीला आणखी एक हिसका दिला.